घाटाआधी नदी : पैठणच्या कारभाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय नगराध्यक्ष, सर्व नगरसेवक आणि नगरसेविका, मुख्याधिकारी, तसेच जायकवाडी धरणाचा कारभार पाहणारे जलसंपदा विभागाचे अधिकारी,

स. न. वि. वि.

गावात गोदावरीच्या काठाच्या सुशोभीकरणाचं बोलणं पुन्हा निघालं आहे. दगडी कठडे, रंगीत दिवे, कारंजं, फोटो काढायला मोठ्या अक्षरांतलं गावाचं नाव, असं काय काय कानावर येतं. बरीच वर्षं प्रशासकांच्या हाती कारभार राहिल्यावर आता लोकांनी निवडून दिलेली माणसं सभागृहात बसली आहेत, म्हणून हे पत्र लिहिते आहे. काठ सुधारायला आम्हा पैठणकरांचा विरोध कशाला असेल? दोन पिढ्या आम्ही त्याचीच वाट पाहतो आहोत. पण कामाचा जो क्रम लोकांच्या बोलण्यात आहे, तो उलटा आहे. आधी नदीला पाणी द्या. मग गटारांचा बंदोबस्त करा. मग ज्यांचं पोट या काठावर आहे त्यांची सोय लावा. दगड आणि दिवे सगळ्यात शेवटी. माझी मागणी एवढीच आहे, आणि ती का, ते सविस्तर सांगते.

पैठणचा काठ मुळात बाजाराचा. सातवाहनांची ही राजधानी समुद्रापासून कितीतरी आत, पण तिचा व्यवहार थेट बंदरांशी होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी नोंदींत पैठणचं नाव येतं. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर हे गाव आहे आणि तिथून मौल्यवान दगड गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून बंदरावर येतात, असं त्यात लिहिलं आहे. त्याच ओळींत आपल्या तेरचंही नाव आहे, तिथल्या कापडासाठी आणि मलमलीसाठी. म्हणजे मराठवाड्यातला माल दोन हजार वर्षांपूर्वी जहाजात चढत होता. पालथ्या नगरीच्या, म्हणजे जुन्या पैठणच्या अवशेषांच्या टेकाडावर पावसाने माती धुपली की अजून मणी आणि खापरं वर येतात. आज त्याच गावची तरणी पोरं पहाटेच्या गाडीने चितेगाव, वाळूजच्या कारखान्यांत जातात आणि रात्री झोपायला परत येतात. बिडकीनला ऑरिकची मोठी औद्योगिक वसाहत आपल्याच तालुक्यात उभी राहते आहे, पण गावठाणातल्या दुकानदाराला विचारा, बाजार कधी फुलतो? तो सांगेल, नाथषष्ठीच्या यात्रेला. वर्षाच्या बाकीच्या दिवसांचं काय, हा प्रश्न नदीकाठाच्या योजनेने सोडवायला हवा. मला तो दिव्यांनी सुटेल असं वाटत नाही.

आता पाण्याचं बोलू. धरणाची भिंत गावाच्या उशाला आहे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. सुमारे दहा किलोमीटरची भिंत, २७ दरवाजे, १०२ टीएमसीचा (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) एकूण साठा, त्यातला सुमारे ७६ टीएमसी उपयुक्त. शंभरावर गावं नाथसागराच्या, म्हणजे या धरणाच्या जलाशयाच्या पोटात गेली, त्या माणसांनी घरादारावर पाणी सोडलं म्हणून हे पाणी साठलं. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२ किलोमीटर जातो. संभाजीनगर आणि जालना हेच पाणी पितात. या धरणाविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे, मराठवाड्याच्या कोरड्या घशाला ओल मिळाली ती त्याच्यामुळे.

पण भिंतीला लागून जे गाव आहे, त्याच्यासमोरच्या नदीचा विचार कुणाच्या वहीत नाही. शहरांचं पाणी वरून उपसून जातं, शेतीचं कालव्यांनी बाजूने जातं. पात्रात पाणी येतं ते धरण भरून दरवाजे उघडले तर, जलविद्युत केंद्रातून सोडलं तर, किंवा आपेगाव आणि हिरडपुरीच्या बंधाऱ्यांसाठी आवर्तन सुटलं तर. एरवी घाटासमोर दिसतं ते थांबलेलं पाणी. त्यावर उन्हाळ्यात हिरवी साय धरते, जलपर्णी पसरते, आणि त्यातच गावाचे नाले उतरतात. बाहेरगावची माणसं तीर्थ म्हणून ओंजळीत घेतात ते हे पाणी. नागघाटावर उभं राहून लेकरांना ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवल्याची कथा सांगताना त्यांचं लक्ष नाकाला लावलेल्या रुमालाकडेच असतं. मी शिक्षिका होते. वर्ग घेऊन घाटावर जायचं मी शेवटी शेवटी टाळू लागले ते याच कारणाने.

मागणी मोठी नाही, हिशेब करून बघा. पन्नास क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण चौदाशे लिटर. दिवाळीपासून मृगापर्यंतचे सात-साडेसात महिने एवढी धार पात्रात अखंड चालू ठेवली, तर सगळं मिळून एक टीएमसीच्या आसपास पाणी लागतं. भरलेल्या धरणाच्या उपयुक्त ७६ टीएमसीतलं एक. नाथसागराच्या उघड्या पाण्यावरून दरसाल उन्हाने जे उडून जातं, ते याच्या कितीतरी पट आहे. आणि हे पाणी वायाही जात नाही. ते पैठणच्या घाटापुढून वाहत खाली आपेगावला, हिरडपुरीला पोचतं, जिथले शेतकरी दर उन्हाळ्यात बंधाऱ्यात पाणी सोडा म्हणून निवेदनं देतात. जे पाणी त्यांना कधीतरी, एकदम, आंदोलन झाल्यावर मिळतं, ते थोडं थोडं, नेमाने, ठरल्याप्रमाणे द्या. धार पन्नासची असावी की ऐंशीची, पात्रातल्या वाळूत किती मुरेल, मधे लहान वाहती चर आखावी लागेल का, हे तुमच्या अभियंत्यांनी ठरवावं. त्यांना ते माझ्यापेक्षा शंभरपटीने कळतं. फक्त हा प्रश्न त्यांच्यापुढे कागदावर ठेवा.

दुष्काळाच्या वर्षी हे चालणार नाही, हेही मला माहीत आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यावर आलं होतं, २०१९ लाही तीच गत झाली. तेव्हा घाटासाठी पाणी मागायची कुणाची जीभ रेटली नसती. पिण्याचं पाणी पहिलं, याबद्दल वादच नाही. म्हणून सूत्र लेखी हवं. अमुक तारखेला साठा अमुक टक्क्यांच्या वर असेल तर नदीला एवढं, खाली असेल तर निम्मं, त्याहून खाली असेल तर काही नाही. अशी सूत्रं आपल्याला नवीन नाहीत. नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सुटावं म्हणून मराठवाड्याने किती वर्षं भांडण केलं! २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला, खोऱ्यातल्या पाणीवाटपाबद्दल मेंढेगिरी समितीचा अहवाल आला, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं, हे ठरलं. ते न्याय्यच होतं. खोऱ्यातल्या खालच्या माणसाचा पाण्यावर हक्क असतो, हे आपण उच्च न्यायालयात जाऊन मांडलं. तोच हक्क आपल्या भिंतीखालच्या नदीला आणि गावांना लागू होत नाही का? वरच्यांकडे हात पसरताना आपण जे बोलतो, ते खालच्यांना देताना विसरलो तर आपल्या बोलण्यात जोर उरणार नाही. माझ्या मते पैठणच्या नदीकाठाची सगळी योजना या एका गोष्टीवर उभी आहे. हे झालं नाही तर पुढचं काहीही करू नका, तो पैसा शाळांच्या छपरांना लावा.

गटारांबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना दिसतं. कोणता नाला कुठून सुरू होऊन नदीत कुठे उतरतो, त्यात किती पाणी असतं, त्यापैकी किती शुद्ध होऊन जातं, याचा साधा नकाशा काढा आणि बसस्थानकावर, नगर परिषदेच्या दारात आणि घाटावर लावा. चाळीस हजारांच्या वर वस्तीचं गाव आहे, एवढ्याशा गावाचा नकाशा अवघड नाही. पुढच्या प्रत्येक सभेत त्यातला कोणता नाला बंद झाला ते सांगा. एवढं केलं तरी लोकांचा विश्वास बसेल.

एक गोष्ट मात्र थांबून सांगावीशी वाटते. तुकाराम बीजेला नाथांच्या वाड्यातला श्रीखंड्याचा रांजण भरायला सुरुवात होते. गावातली, बाहेरगावची माणसं गोदेचं पाणी घागरीने आणून त्यात ओततात, षष्ठीच्या सुमारास तो भरून वाहतो. एकनाथ महाराजांच्या घरी पाणी भरणाऱ्या श्रीखंड्याच्या रूपात प्रत्यक्ष देव राबला, ही आपली श्रद्धा. त्या रांजणात आज आपण कोणतं पाणी ओततो आहोत? दर वर्षी बीजेच्या आधी घाटावरच्या पाण्याची तपासणी करून अहवाल जाहीर करा, अशी माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. अहवाल वाईट आला तरी जाहीर करा. लोक समजून घेतात, लपवलेलं त्यांना आवडत नाही.

पुराचं वेगळं. ज्या पात्रात मार्चमध्ये गुडघाभर पाणी नसतं, तिथेच २००६ च्या ऑगस्टमध्ये दोन लाखांहून अधिक क्युसेकचा विसर्ग आला आणि गाव पाण्यात गेलं. २०२५ च्या सप्टेंबरअखेर पुन्हा तशीच रात्र आली, लोकांना लेकरंबाळं, गाठोडी घेऊन घरं सोडावी लागली. अशा काठावर काय टिकतं? जुने काळ्या पाषाणाचे घाट टिकले. पाणी त्यांच्यावरून गेलं, ओसरलं, गाळ काढला की पायऱ्या होत्या तशा. लोखंडी कठडे, विजेच्या तारा, फरशा, टपऱ्या, कारंज्याचे पंप यातलं काही अशा पुरात टिकत नाही. निळी पूररेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा आखण्याचं काम जलसंपदा खात्याचं आहे. निळ्या रेषेच्या आत फक्त तेच बांधा जे पाण्याखाली जाऊन पुन्हा वापरता येईल : पायऱ्या, ओटे, दगडी उतार, दीपमाळा. बाकी सगळं वर, गावाच्या अंगाला. ठेकेदाराला यात मजा वाटणार नाही, पण चार वर्षांनी तुम्हालाच पंचनामा करावा लागणार नाही.

आणि काठावरचं पात्र अरुंद करून बाग, रस्ता, वाहनतळ यांच्यासाठी भराव टाकू नका. पुराला जेवढी जागा लागते तेवढी तो घेतोच. काठावर दिली नाही तर कहारवाड्यातून, साळीवाड्यातून घेईल.

बांधलेलं सांभाळायचं कसं, याचा धडा आपल्या डोळ्यांसमोर आहे. धरणाच्या पायथ्याशी संत ज्ञानेश्वर उद्यान झालं, म्हैसूरच्या वृंदावन बागेसारखं. एकेकाळी अख्ख्या महाराष्ट्रातून शाळांच्या सहली पैठणला यायच्या त्या या उद्यानासाठी. रंगीत कारंजी पाहायला माणसं रात्रीपर्यंत थांबायची, मग जेवायची, पैठणी बघायची, नाथांचं दर्शन घ्यायची. गावाला चार पैसे मिळायचे. पुढे कारंजी थांबली, झाडं वाळली, खेळणी गंजली, सहली शिर्डीकडे आणि वेरूळकडे वळल्या. उद्यान बांधायला पैसा होता. ते रोज झाडायला, पंप दुरुस्त करायला, माळ्यांचे पगार द्यायला पुढची वर्षं तरतूद नव्हती. आता त्याच्या नूतनीकरणाचं बोललं जातं, चांगलंच आहे. पण तीच गत नदीकाठाची होऊ नये म्हणून एक अट स्वतःला घालून घ्या. बांधकामाच्या रकमेबरोबर पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम वेगळी काढून ठेवली नसेल, तर निविदाच काढायची नाही. आणि देखभालीला माणसं गावातली ठेवा, कायम पगारावर, म्हणजे काम बिघडलं तर जाब विचारायला ती समोर असतील.

दुसऱ्या गावांनी काय केलं तेही बघून घ्या, पण नीट बघा. अहमदाबादचा साबरमती काठ दाखवून आपल्याकडे सगळ्यांना भुरळ घातली जाते. त्या पात्रात शहरात दिसणारं पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं आहे, आणि काठावरच्या झोपड्यांतली हजारो कुटुंबं तिथून उठवली गेली, हेही सांगितलं पाहिजे. नर्मदेचं पाणी आपल्याला कुणी आणून देणार नाही. आपल्याच गोदावरीवर, नाशिकला, रामकुंडाच्या परिसरात नदीच्या तळाशी काँक्रीट ओतलं गेलं, आणि पुढे तेच काँक्रीट काढा म्हणून नाशिककरांना न्यायालयात जावं लागलं. आपल्याला ते पहिल्यापासूनच टाळता येईल. परदेशातलं उदाहरण हवं असेल तर इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचं घ्या. एके काळी जगाचा माल उतरवणारं बंदर, धंदा गेला तशी गोदामं ओस पडली, गरिबी आली. मग जुनी अल्बर्ट डॉकची गोदामं पाडण्याऐवजी दुरुस्त केली, त्यांत संग्रहालयं आणि दुकानं आली, माणसं परतली. २००४ ला त्या बंदराला जागतिक वारशाचा मान मिळाला. पण पुढे काठावर मोठमोठ्या इमारतींचे आराखडे मंजूर होत गेले आणि २०२१ ला युनेस्कोने तो मान काढून घेतला. जुनं जपून काठ जिवंत करता येतो आणि घाईने तोच काठ घालवताही येतो, हे एकाच गावात दिसतं.

आता माणसांविषयी, कारण माझ्या मते सगळ्यात कमी बोललं जातं ते यांच्याविषयी.

कहार-भोई समाजाची मंडळी या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगतात. धरण झालं तेव्हा नदीतली मासेमारी त्यांनी नाथसागरात नेली. १९८६ ला तिथे पक्षी अभयारण्य झालं, २०१७ ला आजूबाजूचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. आता पाण्यावर तरंगता सौर प्रकल्प येतो आहे, त्यावरचा त्यांचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२५ ला फेटाळला गेला. न्यायालयाचा निर्णय मान्य केला तरी त्यांच्या चुलीचा प्रश्न शिल्लक राहतोच. पूर आला की दोरखंड आणि होड्या घेऊन आधी तेच धावतात, आणि काठ सुशोभित झाला की आधी त्यांचीच जाळी वाळवायची जागा जाते. असं होऊ देऊ नका. नदीत नौकाविहार सुरू करायचा असेल तर तो ठेका शहरातल्या कंपनीला न देता त्यांच्या मच्छीमार संस्थेला द्या. जाळी वाळवायला, होड्या दुरुस्त करायला, मासळी विकायला काठावर ठरलेली जागा आराखड्यात दाखवा, नावासकट.

साळीवाड्याचंही तेच. पैठणीला २०१० ला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात येवल्याबरोबर आपलं गावही आहे. पण बाजार येवल्याचा मोठा झाला. इथे हातमागावर बसून मोर, कमळ, आसावली विणणाऱ्या बायांना महिनाभर एका साडीवर बसावं लागतं, आणि दारातून जाणारा प्रवासी पाचशे पावलांवरच्या दुकानात यंत्रावरची सेमी पैठणी घेऊन जातो, कारण त्याला फरक कुणी दाखवलेलाच नसतो. नदीकाठाच्या वरच्या अंगाला, पूररेषेबाहेर, एक लांब पडवी बांधा. तिथे माग चालू राहू द्या, विणणारीने स्वतः विकू द्या, गाळ्याचं भाडं नाममात्र ठेवा. जवळच बाळासाहेब पाटील शासकीय संग्रहालय आहे, संतसाहित्य शिकवणारं संतपीठ आहे. संतपीठाच्या विद्यार्थ्यांना संध्याकाळी घाटावर नाथांचं भारूड म्हणायला जागा द्या. वेरूळ-अजिंठ्याला आलेला माणूस संभाजीनगरहून पन्नास किलोमीटर यायला तयार होईल ते अशा गोष्टींसाठी. मोठ्या अक्षरांतलं गावाचं नाव तर आता प्रत्येक तालुक्यात आहे.

षष्ठीला लाखो वारकरी येतात. दिंड्यांचे फड वाळवंटात उतरतात, राहुट्या पडतात. त्यातल्या बायकांना अंघोळीनंतर लुगडं बदलायला आडोसा नसतो, एकमेकींनी धरलेल्या चादरीचा आधार असतो. पंढरपूरची वाट दर वर्षी पायी तुडवणाऱ्या या बायका तक्रार करत नाहीत. म्हणून तुम्ही ती ऐकलेली नाही, पण ती आहे. कपडे बदलायच्या भक्कम खोल्या आणि पाण्याची सोय असलेली स्वच्छतागृहं हे या सगळ्या योजनेतलं पहिलं बांधकाम असावं. दशक्रियेला रोज जिल्ह्याजिल्ह्यांतून कुटुंबं येतात. त्यांना सावली, नाभिकांना ओटे, आणि पाण्यात सोडले जाणारे कपडे, केस, अन्न यांच्यासाठी वेगळी कुंडं हवीत. दुःखातल्या माणसाला पावतीपुस्तक घेऊन अडवू नका. काठाला कुंपण घालून तिकीट लावायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो आत्ताच काढून टाका. तापलेल्या वाळूत रडणारं अस्पृश्य मानलेल्या जातीचं लेकरू एकनाथ महाराजांनी उचलून कडेवर घेतलं ते याच काठावर. तो काठ पैसे असणाऱ्यांपुरता राहिला तर नाथांचं नाव घ्यायचा अधिकार आपल्याला उरणार नाही.

हे सगळं एका कार्यालयाच्या हातात नाही, हे मी जाणते. नदी आणि उद्यान जलसंपदेकडे, घाट आणि गटारं नगर परिषदेकडे, टेकाड आणि जुनी स्मारकं पुरातत्त्व खात्याकडे, अभयारण्य वन विभागाकडे, समाधी मंदिराचा कारभार वेगळा. प्रत्येक जण आपल्या हद्दीपुरतं चोख काम करतो आणि नदी मधल्यामध्ये राहते. म्हणून महिन्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र बसावं आणि त्या बैठकीला लोकांना बसू द्यावं. आराखडा मराठीत, नकाशासह, मंजुरीच्या आधी निदान दोन महिने लोकांसमोर ठेवावा. पहिली बैठक घाटावर, संध्याकाळी सहानंतर घ्या, म्हणजे मागावरच्या बाया आणि पाण्यावरून परतलेले कहार बांधव येऊ शकतील. सकाळी अकराची वेळ ठेवली तर फक्त आमच्यासारखे निवृत्त लोक येतील.

या पत्राला उत्तर म्हणून मला वैयक्तिक पत्र नको. नदीत वर्षभर किती पाणी सोडायचं याचं सूत्र ठरवण्यासाठी नगर परिषदेने सर्वसाधारण सभेत ठराव घेऊन तो जलसंपदा विभागाकडे पाठवावा, आणि विभागाने त्यावरचा आपला अभिप्राय, होकार असो की नकार, कारणांसह गावात जाहीर करावा. नकार आला तर त्याची कारणं घेऊन आम्ही पुढे कुठे जायचं ते ठरवू.

आपली,
एक पैठणकर,
निवृत्त शिक्षिका